कागदाची वाट : नक्कलयंत्रांतील पट्टे आणि रूळ

वसई-विरारच्या परिसरांत कागदाला किती महत्त्व आहे हें ज्याला पाहावयाचें असेल, त्यानें तहसील कचेरीजवळच्या अथवा न्यायालयाजवळच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानापुढें घटकाभर उभें राहावें. कोणी वाडीचा सातबारा आणि फेरफाराचा उतारा घेऊन आलेला असतो. कोणाच्या हातीं चर्चच्या नोंदवहींतून मिळालेला बाप्तिस्म्याचा दाखला असतो. कोणाला मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या चार प्रती हव्या असतात, तर कोणी सदनिकेचें चाळीस पानी खरेदीखत बँकेसाठीं आणलेलें असतें. दुकानदार कागदांचा गठ्ठा यंत्राच्या माथ्यावरील तिरकस तबकांत ठेवतो, कळ दाबतो, आणि पानें एकामागून एक आंत सरकत जाऊन खालच्या तबकांत येऊन पडूं लागतात. पाहणाऱ्याचें लक्ष साहजिकच नव्या प्रतीकडे असतें: अक्षर ठळक आलें कीं पुसट, शिक्का उमटला कीं नाहीं. परंतु ज्या मूळ कागदावर घरदार अवलंबून आहे, तो कागद तेवढ्या अवधींत कोणत्या वाटेनें गेला, याचा विचार क्वचितच कोणी करतो. ही वाट रबरी रुळांची आणि पट्ट्यांची असते. आणि तिचा सारा खटाटोप दोनच गोष्टींसाठीं असतो. एका वेळीं एकच पान पुढें जावें, आणि गेलेलें पान जसेंच्या तसें परत यावें.

या दोन गोष्टी दिसण्यांत क्षुल्लक आहेत. पण त्यांतील कोणतीही चुकली तर होणारें नुकसान क्षुल्लक नसतें. चाळीस पानी खरेदीखतांतील सोळावें आणि सतरावें पान एकमेकांस चिकटून एकदम आंत गेलें, तर प्रतींत सतरावें पान येतच नाहीं. साधें यंत्र याबद्दल कांहीं बोलत नाहीं. ही उणीव उघडकीस येते ती कित्येक महिन्यांनीं, बँकेच्या टेबलावर किंवा न्यायाधीशांच्या समोर. दुसरी आपत्ति याहून वाईट. मूळ कागदच आंत चुरगळला अथवा फाटला, तर त्याची भरपाई कोणत्याही दुकानदाराला करतां येत नाहीं. या भागांतील घरोघरच्या कपाटांत तर निरनिराळ्या काळांचे कागद एकत्र नांदत असतात. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासच्या ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली ती ३ जुलै २००९ रोजीं; ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वांत आला तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं. त्यामुळें एकाच कुटुंबाच्या गाठोड्यांत एका कागदावर मुंबई इलाखा, दुसऱ्यावर ठाणें जिल्हा आणि तिसऱ्यावर पालघर जिल्हा असें लिहिलेलें आढळतें. कोणी जाड, कोणी पातळ, कोणी पिवळा पडलेला, कोणी घडीवर झिजलेला. यंत्राच्या रुळांना हे सारे कागद सारखेच. धन्याला मात्र ते सारखे नसतात.

नक्कल करण्याची गरज या भूमीला नवी नाहीं. प्राचीन शूर्पारक म्हणजे आजचा सोपारा. तेथें सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा खंड १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला, आणि नवव्या लेखाचा खंड १९५६ मध्यें जवळच्या भुईगांवीं सांपडला. हेच लेख सौराष्ट्रांतील गिरनारास आहेत, कलिंगांतील धौलीस आहेत आणि हिमालयाच्या पायथ्याच्या कालसीसही आहेत. एकच मजकूर अनेक ठिकाणीं नेऊन कोरावयाचा, हें नक्कल करण्याचेंच काम होय. पुढें दोन हजार वर्षें तें काम माणसाच्या हातानेंच चाललें. कारकून बोरूनें व टांकानें नकला उतरीत राहिले.

यंत्रानें कोरडी नक्कल काढण्याची कल्पना चेस्टर कार्लसन या अमेरिकन संशोधकाची. एका कंपनीच्या पेटंट विभागांत काम करतांना कागदपत्रांच्या प्रतींची त्यांना सतत अडचण भासे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यू यॉर्कच्या अॅस्टोरिया भागांत त्यांनीं व त्यांचे सहकारी ओटो कॉर्नाय यांनीं गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा कापडानें घासून विद्युद्भारित केला, अक्षरें लिहिलेली कांचेची पट्टी त्यावर ठेवून प्रखर प्रकाश पाडला आणि वर बारीक भुकटी पसरली. जेथें प्रकाश पडला तेथील भार नाहींसा झाला, आणि अक्षरांच्या छायेंत भुकटी चिकटून राहिली. तीच अक्षरें मेणकागदावर उतरलीं. या कोरड्या लेखनपद्धतीला ग्रीक शब्दांवरून झेरॉग्राफी हें नांव मिळालें. आणि १९५९ मध्यें हॅलॉइड झेरॉक्स या कंपनीनें ‘९१४’ हें यंत्र बाजारांत आणल्यावर ती कचेऱ्याकचेऱ्यांतून रुजली. नऊ इंच रुंद व चौदा इंच लांब कागदाची नक्कल करणारें म्हणून तें ‘९१४’. कागदाच्या वाटेचें महत्त्व त्या यंत्रानेंच प्रथम दाखवून दिलें. भुकटी कागदावर पक्की करणारा भाग इतका तापत असे कीं तेथें कागद अडकून जळण्याचें भय असे. म्हणून यंत्रासोबत आग विझविण्याचें लहानसें साधनही दिलें जाई.

त्या यंत्रांत कोरे कागद आपोआप ओढले जात. मूळ कागद मात्र माणसानें एकेक करून कांचेवर ठेवावयाचा, झांकण लावावयाचें आणि पुन्हां उचलावयाचा. दहा पानांचें काम असें निभावून जातें. चारशें पानांचें निभत नाहीं. म्हणून कोऱ्या कागदासाठीं साधलेली रुळांची कला पुढें मूळ कागदासाठींही वापरण्यांत आली, आणि यंत्राच्या झांकणांतच कागद ओढणारा भाग बसविला गेला. दुकानदार त्याला फीडर म्हणतात. परंतु या दोन कामांत एक मोठें अंतर आहे. कोरे कागद एकाच गिरणींतून, एकाच मापाचे व एकाच जाडीचे येतात. मूळ कागद जसा येईल तसा. त्यावर टांचणीचीं भोंकें, घड्या, शिक्के, तिकिटें आणि डिंकाचे डाग असतात. शिवाय कोरा कागद फाटला तर दुसरा घेतां येतो. फीडरमधील पट्टे व रूळ यांचें काम अवघड आहे तें यामुळें.

पहिला प्रश्न गठ्ठ्यांतून एक पान सुटें करण्याचा. तो यंत्र कसा सोडवितें हें समजण्यासाठीं नोटा मोजणाऱ्या रोखपालाकडे पाहावें. तो अंगठा ओलसर स्पंजावर टेकवितो आणि वरची नोट पुढें सरकवितो. त्याच वेळीं दुसऱ्या हाताचीं बोटें खालच्या गड्डीला धरून ठेवतात. अंगठा ओला नसेल तर नोट हलत नाहीं. आणि दुसऱ्या हातानें गड्डी धरली नाहीं तर दोन-तीन नोटा एकदम सरकतात. फीडरमध्यें अंगठ्याच्या जागीं रबरी रूळ असतो. तो गठ्ठ्यावर हलकेच टेकतो, फिरूं लागतो आणि वरचें पान पुढें ढकलतो. त्याला उचल-रूळ म्हणतां येईल. त्याच्या थोडें पुढें ओढणारा दुसरा रूळ असतो, आणि त्याच्या बरोबर खालीं, कागदाला उलट बाजूनें दाबून धरणारा असा अडविणारा भाग असतो. हाच रोखपालाचा दुसरा हात.

या सर्वांच्या मुळाशीं घर्षणाचा एक साधा क्रम आहे. दोन कागद एकमेकांवर शंभर ग्रॅम दाबानें ठेवले, तर एक दुसऱ्यावरून सरकविण्यास सुमारें पन्नास ग्रॅमच्या आसपास जोर पुरतो. कागदावर स्वच्छ, नवें रबर तितक्याच दाबानें टेकविलें, तर तें सरकविण्यास शंभर ग्रॅमहून अधिक जोर लागतो. या फरकावरच फीडर जगतो. ओढणाऱ्या रुळाची कागदावरील पकड सर्वांत जास्त हवी. अडविणाऱ्या भागाची त्याहून कमी हवी. आणि कागदाची कागदावरील पकड सर्वांत कमी हवी. हा क्रम जोंपर्यंत टिकून आहे तोंपर्यंत वरचें पान पुढें जातें व खालचें मागें राहतें. पहिली पायरी ढळली तर कागद पुढें जातच नाहीं, रूळ नुसता घसरत राहतो. तिसरी पायरी ढळली तर दोन पानें जोडीनें आंत जातात. नक्कलयंत्राच्या बहुतेक तक्रारी या दोहोंपैकीं एका सदरांत बसतात.

साध्या यंत्रांत अडविणारा भाग म्हणजे रबराचा अथवा बुचासारख्या पदार्थाचा एक स्थिर तुकडा असतो. तो स्वस्त असतो. परंतु प्रत्येक पान त्याच एका जागीं घांसून जात असल्यामुळें तो लवकर झिजतो, आणि नाजूक कागदाच्या पाठीला चरा पाडूं शकतो. चांगल्या यंत्रांत त्या जागीं दुसरा रूळ असतो, आणि त्याची युक्ति मोठी मनोरंजक आहे. या रुळाला मागच्या दिशेनें फिरविण्याची व्यवस्था असते. पण त्याच्या दांड्यावर एक मर्यादक बसविलेला असतो. ठरावीक बळापेक्षां अधिक बळ त्यावर आलें कीं तो माघार घेतो आणि रूळ समोरच्याबरोबर फिरूं लागतो. दोन रुळांच्या मध्यें एकच पान असेल, तेव्हां वरच्या रुळाची पकड त्या पानामार्फत खालच्या रुळापर्यंत पुरी पोंचते. मर्यादक माघार घेतो आणि दोन्ही रूळ मिळून पान पुढें नेतात. मध्यें दोन पानें आलीं, तर तीं एकमेकांवर घसरतात. वरच्या रुळाचें बळ खालीं पुरेसें पोंचत नाहीं. मर्यादक माघार घेत नाहीं, आणि खालचा रूळ उलट फिरून जादा पानाला गठ्ठ्याकडे परत ढकलतो. यांत डोळा नाहीं कीं मेंदू नाहीं. पान एक आहे कीं दोन, हें केवळ घर्षणच ठरवितें.

रुळाच्या जागीं कित्येक यंत्रांत पट्टा असतो. रूळ कागदाला एका अरुंद रेषेवर स्पर्श करतो. दोन रुळांवर ताणलेला पट्टा मात्र लांबट पृष्ठभागावर टेकतो. तोच जोर अधिक जागेवर वांटला गेल्यानें पकड सौम्य तरीही भरंवशाची होते, आणि पानें सुटीं होण्यास थोडा अधिक अवकाश मिळतो. जुन्या यंत्रांच्या फीडरमध्यें पट्ट्याचें आणखी एक ठळक काम असे. कांचेची संपूर्ण रुंदी व्यापणारा पांढरा पट्टा झांकणाच्या आंत बसविलेला असे. तो पानाला ओढून कांचेवर आणी, नेमक्या जागीं थांबे, खालून दिवा सरकत जाऊन मजकूर टिपी, आणि मग पट्टा पुन्हां चालून पान बाहेर टाकी. पट्टा पांढरा कां, याचें उत्तर सोपें आहे: कागदाभोंवतालची मोकळी जागा दिव्याला पांढरी दिसावी म्हणून. तो पट्टा मळला कीं प्रत्येक प्रतीच्या कडेला करडे डाग उमटत, आणि गिऱ्हाईक शाईला दोष देई.

पट्टा फिरतां फिरतां एका बाजूस सरकून उतरूं नये यासाठीं जो उपाय योजतात, तो पिठाच्या जुन्या गिरण्यांतून पूर्वीपासून माहीत होता. ज्या चाकावरून चपटा पट्टा फिरतो त्याचा मध्यभाग किंचित् फुगीर ठेवतात. मनाला वाटतें कीं उंचवट्यावरून पट्टा घसरून खालीं जाईल. प्रत्यक्षांत तो फिरतां फिरतां उंच भागाकडेच चढतो आणि मध्यावर स्थिर राहतो. कारण असें कीं, एका बाजूला सरकलेल्या पट्ट्याची उंचवट्याकडील कड अधिक ताणली जाते, पट्टा किंचित् तिरपा होतो, आणि पुढचा प्रत्येक भाग चाकावर थोडा मध्याकडे येऊन बसतो. याखेरीज यंत्राच्या पोटांत दांतेदार पट्टेही असतात. ते कागदाला शिवत नाहींत. एकाच मोटरीची गति अनेक रुळांपर्यंत नेमकेपणानें पोंचविणें हें त्यांचें काम. सर्व रुळांची चाल सारखी राहिली नाहीं, तर कागद कोठें ताणला जाईल आणि कोठें गोळा होईल.

सुटें झालेलें पान सरळ असेलच असें नाहीं. म्हणून त्याच्या वाटेंत दोन रुळांची एक जोडी मुद्दाम थांबवून ठेवलेली असते. पानाची पुढची कड त्या स्थिर रुळांवर येऊन आदळते. मागचे रूळ मात्र क्षणभर ढकलीतच राहतात. त्यामुळें पानाला लहानशी कमान येते, आणि त्या कमानीच्या जोरानें पुढची कड दोन्ही टोंकांनीं रुळांच्या फटींत सरळ बसते. मग थांबलेले रूळ फिरूं लागतात आणि पान नीट रेषेंत पुढें जातें. शाळेंतील मुलें वहींतील सुटे कागद टेबलावर आपटून कडा जुळवितात, तोच हा प्रकार. परंतु पान मऊ पडलेलें असेल तर त्याची कमान लुळी होते, कड सरळ बसत नाहीं, आणि प्रतीवर मजकूर तिरपा येतो.

आजच्या बहुतेक फीडरमध्यें पान मोठ्या कांचेवर थांबतच नाहीं. मोठ्या कांचेच्या बाजूला बोटभर रुंदीची एक कांचपट्टी असते. दिवा व भिंगें तिच्याखालीं स्थिर राहतात आणि पानच तिच्यावरून एकसारख्या गतीनें सरकत जातें. यामुळें वेग वाढतो. मिनिटाला साठ पानें घेणारें यंत्र एका पानाला अवघा एक सेकंद देतें. परंतु याच रचनेमुळें एक विचित्र दोष निर्माण होतो. मोठ्या कांचेवर धुळीचा कण असेल तर प्रतीवर एक ठिपका उमटतो. तोच कण अरुंद पट्टीवर असेल, तर सबंध पान त्याच्यावरून सरकून जात असल्यामुळें प्रतीवर वरपासून खालपर्यंत काळी रेघ उमटते. पुष्कळांना वाटतें कीं यंत्र बिघडलें. वस्तुतः शाईचा एखादा सुकलेला थेंब किंवा टांचणीनें पाडलेला ओरखडा एवढेंच त्याचें कारण असतें. तीच रेघ कांचेवर हातानें ठेवलेल्या पानावर येत नसेल, तर दोष त्या पट्टीवर आहे हें निश्चित समजावें. मऊ, किंचित् ओलसर कापडानें ती पुसली कीं बहुधा काम होतें.

पान गुंडाळून उलटें होऊन बाहेर येतें, यांतही हेतु आहे. गठ्ठा मजकूर वर करून ठेवलेला असतो आणि पहिलें पान सर्वांत वर असतें. तें पहिल्यांदा आंत जातें, रुळांभोंवतीं वळसा घेतें आणि मजकूर खालीं करून तबकांत पडतें. दुसरें त्याच्यावर, तिसरें दुसऱ्यावर. शेवटीं गठ्ठा उचलून उलटा केला कीं पहिलें पान पुन्हां वर, आणि क्रम जसाच्या तसा. मात्र हा वळसा लहान असतो. ताजा कागद तो सहज घेतो. जुना, कोरडा, ठिसूळ कागद तेथेंच मोडतो.

वाटेंत ठिकठिकाणीं पहारेकरी बसविलेले असतात. कोठें कागदाच्या धक्क्यानें हलणारी चिमुकली पट्टी असते, कोठें प्रकाशकिरण अडला कीं समजणारा डोळा असतो. पान अमुक वेळांत अमुक पहाऱ्यापाशीं पोंचलें पाहिजे, हें यंत्राला ठाऊक असतें. तें न पोंचलें किंवा पोंचून पुढें सरकलें नाहीं, तर यंत्र कागद अडकल्याची सूचना देऊन थांबतें. पण दोन पानें नीट जुळून गेलीं तर या पहारेकऱ्यांना तीं एकच वाटतात. यासाठीं कचेऱ्यांतील कांहीं भारी यंत्रांत कानाला ऐकूं न येणाऱ्या सूक्ष्म ध्वनीची योजना असते. एका बाजूनें ध्वनि सोडावयाचा व दुसऱ्या बाजूनें तो ऐकावयाचा. एका पानांतून त्याचा कांहीं अंश पार होतो. दोन पानांच्या मध्यें मात्र हवेचा पातळ थर असतो, त्यामुळें ध्वनि फारच क्षीण होतो आणि यंत्र सावध होतें. ही योजना चतुर खरी. तथापि पानावर छायाचित्र किंवा तिकीट चिकटविलेलें असेल, तर यंत्र त्यालाही दुसरें पान समजून अडून बसतें. आणि साध्या दुकानांतील यंत्रांत ही सोय बहुधा नसतेच. तेथें माणसानें पानें मोजणें हाच एक उपाय.

वसई-विरारसारख्या समुद्रकांठच्या प्रदेशांत घर्षणाच्या त्या क्रमाला चार महिने पावसाची परीक्षा द्यावी लागते. कागद हा वनस्पतीच्या तंतूंचा बनलेला असल्यानें हवेंतील ओल शोषून घेतो. ओल शिरली कीं तंतु फुगतात. आणि ते लांबीपेक्षां रुंदीनें अधिक फुगत असल्यामुळें कागद दोन्ही दिशांनीं सारखा वाढत नाहीं. गठ्ठ्याच्या कडांना हवा प्रथम लागते, म्हणून कडा लाटांसारख्या वळतात आणि मध्य तसाच राहतो. ओला कागद लुळा पडतो, आणि त्याची शेजारच्या कागदावरील पकड वाढते. म्हणजे तिसरी पायरी ढळली. श्रावणांत जोडपानें अधिक कां जातात याचें कारण हेंच. यावर उपाय साधे आहेत. कोऱ्या कागदाचें पुडकें ओल रोखणाऱ्या वेष्टनांत येतें. तें लागेल तेवढेंच उघडावें. मूळ कागदांचा गठ्ठा तबकांत ठेवण्यापूर्वीं दोन्ही हातांनीं वांकवून, पानांपानांत हवा खेळेल असा सैल करावा. नुकत्याच काढलेल्या प्रतींची पुन्हां प्रत काढावयाची असेल तर त्या थोडा वेळ विसावूं द्याव्या. कारण ताज्या प्रती विद्युद्भारानें एकमेकींस चिकटतात आणि उष्णतेनें वळलेल्या असतात.

दुसरी परीक्षा काळाची. कागदावरून उडणारी पांढरी भुकटी रुळांवर बसते आणि रबराची पकड कमी करते. रबर स्वतःही वर्षांगणिक कडक व चकचकीत होतें. हा पहिल्या पायरीचा दोष. रूळ ओलसर कापडानें पुसले कीं पुष्कळदां यंत्र पुन्हां कामाला लागतें. त्यानेंही न भागलें, तर रूळ बदलणें प्राप्त असतें. सेलोटेपनें जोडलेले कागद आणि अर्धवट सुकलेला डिंक हे रुळांचे विशेष शत्रु होत. त्यांचा चिकटपणा रुळावर राहतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या निरपराध कागदाला पकडतो.

आतां मूळ प्रश्न असा कीं कोणता कागद या वाटेनें जाऊं द्यावा आणि कोणता जाऊं देऊं नये. ताजा, सपाट, एकाच मापाचा, टांचणी काढलेला आणि हरवला तरी पुन्हां मिळूं शकणारा कागद फीडरमध्यें निर्धास्त घालावा. आज डिजिटल सहीचा सातबारा संगणकावरून पुन्हां काढतां येतो. त्याची चिंता नाहीं. परंतु आजोबांच्या काळचें मोडी लिपींतील खत, घडीवर चिरलेला फेरफार, कडा झडूं लागलेला दाखला, प्लॅस्टिकमध्यें बंद केलेलें ओळखपत्र, छायाचित्र चिकटविलेला अर्ज, शिवलेल्या वहींतून सुटलेलें पान, यांपैकीं कांहींही रुळांच्या स्वाधीन करूं नये. यांच्यासाठीं मोठी कांच आहे. झांकण उचलावें, कागद हळूच पालथा ठेवावा, आणि झांकण दाबून न लावतां अलगद टेकवावें. यास पानामागें कांहीं क्षण अधिक लागतात, आणि रांगेंतील मंडळी किंचित् अस्वस्थ होतात. परंतु त्या क्षणांच्या मोबदल्यांत जें वांचतें, त्याची दुसरी प्रत जगांत नसते. गिऱ्हाइकानें हें स्वतः सांगावें, कारण गठ्ठ्यांतील कोणतें पान अमोल आहे हें दुकानदाराला दिसत नाहीं.

एवढी काळजी घेऊनही पान अडकलेंच, तर घाईनें ओढूं नये. रुळांची पकड कायम असतांना मागें खेंचलेला कागद हमखास फाटतो. शिवाय अडविणाऱ्या रुळाच्या दोन्ही बाजूंनीं ओढाताण होते. प्रथम फीडरचें झांकण उघडावें, म्हणजे वरचे व खालचे रूळ एकमेकांपासून दूर होतात आणि पकड सुटते. रूळ हातानें फिरविण्याची मूठ असल्यास ती दर्शविलेल्या दिशेनें फिरवावी. मग पान दोन्ही हातांनीं, दोन्ही कडा सारख्या धरून, शक्य तों तें ज्या दिशेनें जात होतें त्याच दिशेनें बाहेर घ्यावें. आणि काम संपल्यावर, दुकान सोडण्यापूर्वीं, मूळ पानें आणि प्रतींचीं पानें दोन्ही मोजावीं, व प्रतींतील पृष्ठांचे आंकडे क्रमानें पाहावे. चाळीस पानें मोजण्यास एक मिनिट पुरतें.

रुळाला कागद कळतो, मजकूर कळत नाहीं. त्याच्या दृष्टीनें रद्दीचें पान आणि वाडीवरील हक्काचें पान यांत भेद एवढाच कीं एक थोडें जाड असेल आणि दुसरें थोडें मऊ. एका वेळीं एक पान पुढें नेण्याचें काम तो घर्षणाच्या बळावर इमानानें करतो, आणि हजारों वेळां बिनचूक करतो. कोणतें पान त्याच्या हातीं द्यावयाचें, हा निर्णय मात्र कागदाच्या धन्यानेंच करावयाचा असतो.